अभ्यासपाठ : वाढत्या वयाची मुलं आणि रात्रीचं ताट



गेल्या तीन मासिक बैठकांत प्रश्नपेटीत सर्वांत जास्त चिठ्ठ्या कोणत्या प्रश्नाच्या आल्या असतील? ध्यानात मन लागत नाही, याच्या नाहीत. "मुलं रात्री नीट जेवत नाहीत" याच्या. इंदूरच्या होत्याच, पण वडोदरा, बेळगाव, हैदराबाद इथल्या गटांतूनही तेच आलं. एका भगिनीनं लिहिलंय, "रोज तीन स्वयंपाक होतात. सासऱ्यांचा पथ्याचा, आमचा, आणि मुलासाठी वेगळं पनीर नाहीतर मॅगी. दहाला ओटा आवरून होतो, मग उपासनेला बसायचं त्राण राहत नाही." दुसरीची मुलगी पंधरा वर्षांची. हिमोग्लोबिन ९ आलंय आणि रात्रीच्या ताटात नुसता भात आणि शेव.

म्हणून या वेळचा पाठ स्वयंपाकघरातला आहे. आम्ही पाच-सहा जणी दोन दुपारी बसलो, आपापल्या घरचे अनुभव मांडले आणि आकडे आहारशास्त्र शिकलेल्या एका भगिनीकडून तपासून घेतले.

एक विनंती आधीच करून ठेवतो. हा पाठ घरच्या ग्रुपवर टाकताना खाली "मुलांनो, वाचा जरा!" असं लिहू नये. लिहिलंत की पाठ वाया गेलाच म्हणून समजा. हा पाठ मोठ्यांसाठी आहे.

*आधी घड्याळ बघू*

बहुतेक चिठ्ठ्यांत "मूल नखरे करतं" असं आहे. आम्ही एकेका चिठ्ठीतला दिवस कागदावर मांडून पाहिला. नववी ते बारावीतलं मूल. शाळा दोन-अडीचला सुटते, डबा अर्धा परत येतो. चारला कोचिंग, ते सुटतं साडेसातला. कोचिंगच्या दारातच कचोरी, समोसा, हॉट डॉग. मित्रांबरोबर उभ्या उभ्या खाणं होतं आणि पोट गच्च भरतं. साडेआठला आपण ताट वाढतो, त्यात गिलकी. "आई यार, परत गिलकी?" इथून वादाला सुरुवात. मग रात्री अकराला स्वयंपाकघरातून डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज येतो.

यात नखरा किती आणि घोळ किती, तुम्हीच बघा. साडेआठला त्याला भूक नव्हती आणि अकराला होती. या वयात शरीराचं झोपेचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार होतं. जागरण वाढतं तशी रात्रीची भूकही. शिवाय उंची वाढण्याचं वय. मुलींची ही वाढ साधारण अकरा-बाराव्या वर्षी जोरात असते, मुलांची तेरा-चौदाव्या. तेव्हा आज चार पोळ्या आणि उद्या एक, असं होणारच.

त्यामुळे पहिला बदल भाजीत करू नये, वेळेत करावा. कोचिंगला निघायच्या आधी साडेतीनच्या सुमारास खरं खाणं द्यावं. बिस्किटं आणि चहा म्हणजे खाणं नव्हे. थालीपीठ आणि दही, मूगडाळीचं धिरडं, भरपूर दाणे घातलेले पोहे, सकाळच्या पोळ्यांचा गूळ-तूप घालून लाडू, वाटीभर उसळ, यांतलं काहीही. आमच्यातल्या एकीचा मुलगा निघता निघता बूट घालतानाच खातो, म्हणून ती पोळीला दाण्याची चटणी आणि तूप लावून गुंडाळी करून हातातच देते. कचोरी त्यानं बंद होत नाही, पण तीनची एक होते.

मग रात्रीचं जेवण हलकं झालं तरी काळजी नाही. साडेदहाला पेलाभर दूध, दूध-पोहे किंवा नाचणीची पेज ठरवूनच ठेवावी, म्हणजे डबे धुंडाळणं कमी होतं. रविवारी सगळे मिळून सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्लात, थंडीत गराडू खाल्लंत, तर त्याचा हिशोब सोमवारी मांडायचा नाही. इंदुरात राहून सराफ्याशी वैर घेता येत नाही.

*वाढणाऱ्याचं काम, जेवणाऱ्याचं काम*

अमेरिकेत एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ आहेत. मुलांच्या जेवणाबद्दल त्यांनी कामाची एक साधी वाटणी सांगितली, ती जगभर मानली जाते. काय करायचं, केव्हा वाढायचं आणि कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं ठरवायचं. एवढंच.

ऐकायला सोपं आहे, आपल्या घरात मात्र फार जड जातं. कारण आपल्याकडे दोन्ही बाजूंनी उलटं होतं. काय करायचं हे मूल ठरवतं ("आज पनीर कर, नाहीतर मी जेवणार नाही") आणि किती खायचं हे आई ठरवते ("एवढं संपवल्याशिवाय उठायचं नाही"). आग्रह करून वाढणं हा आपल्याकडचा मान आहे, पण तो पाहुण्यांसाठी. सोळा वर्षांच्या मुलाच्या ताटात तो "नको" म्हणत असताना डाव रिकामा केला, तर त्यानं ते प्रेम समजावं ही अपेक्षाच मुळात जास्त आहे.

आमच्या घरांत जे टिकलंय ते असं. रात्रीच्या ताटात रोज एक तरी पदार्थ असा असतो जो ते मूल नक्की खातं. बहुधा वरण-भात, पोळी किंवा दही. बाकी जे घरासाठी केलंय तेच. ज्याला ते नको असेल त्याच्यासाठी कायमचा ठरलेला एकच पर्याय : दही-पोळी आणि दाण्याची चटणी. ती ज्याची त्यानं उठून घ्यायची. साडेआठनंतर गॅस नव्यानं पेटत नाही. हा पर्याय आजोबांनाही खुला आहे आणि बाबांनाही, म्हणून त्यात शिक्षेचा वास येत नाही.

"मग तो रोज दही-पोळीच खाईल," अशी शंका बैठकीत लगेच आली. खातो. आठ दिवस, कधी पंधरा दिवस. त्या दिवसांत तोंडातून एक शब्द काढायचा नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. अवघड काय आहे तर ते हे आहे. त्यानंतर एक दिवस शेजारच्या वाटीतल्या आमटीत पोळी बुडते. तेव्हाही "बघ, आवडली ना!" म्हणायचं नाही.

लहान मुलांच्या बाबतीत अभ्यासकांना दिसलंय की नवीन पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल तो स्वीकारतं. मोठ्या मुलांचंही फार वेगळं नसतं, फक्त त्यांचा अभिमान मध्ये येतो. म्हणून त्यांना माघार घ्यायला जागा ठेवावी लागते.

*नावड कोणाकोणाची*

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, काही बंधूंना रुचणार नाही. घरातल्या मोठ्या पुरुषांची नावड कधी दिसतच नाही, कारण ती भाजी आपण आणतच नाही. ज्यांच्या घरी वीस वर्षांत कारलं शिजलं नाही, कारण "यांना चालत नाही", त्याच घरात मुलीला "सगळं खायला शिकलं पाहिजे" असं सांगितलं जातं. मुलांच्या हे बरोबर लक्षात येतं.

त्यावर आम्ही एक तोडगा काढलाय. घरातल्या प्रत्येकाला दोन भाज्या माफ. आजी-आजोबा, आई-बाबा, मुलं, सगळ्यांना. कागदावर नावं लिहून फ्रिजला लावायची. ती भाजी झाली तर त्या माणसाला वाढायची नाही, विचारायचंही नाही. दोनच्या वर मात्र सवलत नाही. यादी सहा महिन्यांनी बदलता येते. एका घरी आईनं पहिल्यांदाच स्वतःच्या नावापुढे "मुळा" लिहिलं, तर मुलं थक्क झाली. आईला काही आवडत नाही हे त्यांना माहीतच नव्हतं.

कडू चवीची जाणीव काहींना जन्मतःच जास्त असते आणि ती आनुवंशिक असते, हे शास्त्रानं सिद्ध झालंय. तेव्हा कारलं आणि मेथी न खाणाऱ्याला हट्टी म्हणण्याआधी त्याच्या वडिलांच्या यादीकडे एक नजर टाकावी.

*गिलकी, भेंडी, कोबी*

पुष्कळदा मुलांचं भांडण भाजीशी नसतं, तिच्या लगद्याशी किंवा वासाशी असतं. म्हणून थोडं भाजी करण्याबद्दल.

गिलकी म्हणजे महाराष्ट्रातली आणि गोव्याची घोसाळी, वडोदऱ्याची गलकां. तिच्यात पाणी फार. झाकण ठेवून, आधीच मीठ घालून शिजवली की तिचा बुळबुळीत लगदा होतो आणि तोच मुलांना नको असतो. कढई चांगली तापवून, थोड्या जास्त तेलावर, झाकण न ठेवता परतावी आणि मीठ अगदी शेवटी घालावं. मीठ आधी पडलं की पाणी सुटतं. उतरवताना भाजलेले तीळ आणि दाण्याचं कूट. भेंडीलाही हाच नियम. धुवून पूर्ण कोरडी पुसायची, मगच चिरायची, आणि परतताना थोडी आंबट वस्तू घालायची. लिंबू, आमचूर, दही काहीही चालेल, गोव्याकडच्या भगिनी सोलं घालतात. आंबटानं तार मोडते.

कोबी जितका जास्त वेळ शिजेल तितका त्याचा तो गंधकासारखा वास वाढतो. बारीक चिरून मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटांत उतरवावा, किंचित करकरीत असतानाच. मुलांना चायनीजच्या गाडीवरचा कोबी चालतो आणि घरचा चालत नाही, याचं बरंचसं उत्तर या पाच मिनिटांत आहे.

आता तीन स्वयंपाकांचा एक कसा करायचा ते. पाया एकच ठेवायचा आणि शेवटच्या दहा मिनिटांत वाटा फुटू द्यायच्या. कुकरला तूरडाळ हळद-हिंग घालून लावली. शिजल्यावर आजोबांसाठी वाटीभर बाजूला काढून त्यात मीठ आणि तूप, झालं त्यांचं साधं वरण. उरलेल्या डाळीची चिंच-गूळ-गोडा मसाला घालून आमटी. कणीक मळलेलीच असते. तिच्यात तिखट-मीठ-ओवा घालून पातळ पोळी लाटली, शंकरपाळ्यासारखी कापली आणि त्याच उकळत्या आमटीत सोडली की मुलांसाठी वरणफळं. कोणी चकोल्या म्हणतात, गुजरातेतल्या भगिनींची दाल ढोकळी जवळपास हीच. वर लिंबू आणि तुपाची धार. ज्या मुलांनी आमटीकडे बघितलंही नसतं ती दोन-दोन वाट्या खातात, आणि पोटात डाळ व कणीक दोन्ही जातात. उरलं तर फक्त डाळ सकाळच्या कणकेत मळून डब्याला पराठे.

मोड आलेल्या मटकीचंही तसंच. मोठ्यांना ओलं खोबरं घालून साधी उसळ. मुलांना त्यावरच तिखट कट, कांदा, शेव आणि पाव. वडोदऱ्याची वाटाण्याची सेव-उसळ म्हणजे आपल्या मिसळीची मावसबहीणच. शेव मात्र वाटीत काढून ठेवायची. पाकीट ताटाशेजारी आलं की ते संपूनच उठतं आणि सगळं मीठ पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यात लोणचं-पापड-शेव सगळं आलं.

भाज्या लपवाव्यात का, हा प्रश्न चार चिठ्ठ्यांत आहे. पावभाजीत दुधी, गाजर, फ्लॉवर, लाल भोपळा सगळं जातं, जाऊ दे. विचारलं तर खरं सांगावं. न विचारता "आज मी तुला दुधी खाऊ घातला!" असं जाहीर करू नये. पंधराव्या वर्षी फसवलं गेल्याची भावना फार खोल जाते, आणि मग पुढचे सहा महिने प्रत्येक कटलेट मोडून बघितलं जातं.

*ताटात किती हवं*

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जे आकडे दिले त्यांप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ४३ ग्रॅम प्रथिनं हवीत, मुलाला ४५. लोह मुलीला ३० मिलिग्रॅम, मुलाला २२. कॅल्शियम दोघांनाही १००० मिलिग्रॅम. पुढे १६ ते १८ या वयात हे सगळे आकडे थोडे वाढतात.

प्रथिनांचा हिशोब आपल्या साध्या ताटात मांडून पाहू. दिवसभरात चार पोळ्या, म्हणजे १२० ग्रॅम कणीक : साडेबारा ग्रॅम. मूठभर-दीड मूठ तांदळाचा भात : साडेचार. ३० ग्रॅम डाळीचं वरण : साडेसहा. एक पेला दूध : साडेसहा. वाटीभर दही : साडेचार. ३० ग्रॅम दाणे : सात. बेरीज साडेएकेचाळीस होते, भाजीचं थोडं धरलं की ४३ च्या आसपास पोचलो. पावडरचा महागडा डबा कुठेच लागला नाही.

आता याच ताटातून वरण, दूध, दही आणि दाणे काढून टाका. उरले १७. भात-शेव आणि पोळी-बटाटा खाणारं मूल पोट भरून उठतं आणि तरी अर्ध्याच्याही खूप खाली असतं. त्यामुळे आमचं मत असं झालंय की भाजीवरून रोज भांडण्यापेक्षा डाळ, दही, दाणे या तीन गोष्टी कुठल्याही रूपात जातात का, याकडे लक्ष द्यावं. वरण नको तर धिरडं, दूध नको तर ताक किंवा श्रीखंड, दाणे नकोत तर चिक्की. ज्या घरी अंडी-मासे चालतात त्यांचं काम आणखी सोपं आहे, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात.

कॅल्शियमसाठी २०० मिलि दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळतं. दूध अजिबात नको म्हणणाऱ्यांसाठी नाचणी आहे, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम. तिळात त्याहून कितीतरी जास्त, म्हणून तिळाची चटणी रोज पानात असू द्यावी.

लोहाचं मात्र वेगळं आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या, मुलगे ३१ टक्के. ही खात्यापित्या घरांतल्याही मुलींची गोष्ट आहे. १२ च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर तो रक्तक्षय, आणि ९ म्हणजे थांबायची वेळ नव्हे. तिथे पालेभाजीवर भरवसा ठेवून बसू नये, डॉक्टरांकडे जावं. मुलगी दमते, चिडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि भूकही मंदावते. म्हणजे जिला आपण नखरेल म्हणतो ती कदाचित आजारी आहे.

घरात करण्यासारखं असं की जेवणाबरोबर आणि नंतर तासभर चहा द्यायचा नाही, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. डाळ-भाजीवर लिंबू पिळावं, पेरू-आवळा-संत्रं द्यावं, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं. सरकारी आणि अनुदानित शाळांत १० ते १९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक निळी गोळी मिळते, लोह आणि फॉलिक ॲसिडची. ती पुष्कळ मुली दप्तरात ठेवून देतात, कारण मळमळतं. जेवणानंतर पाण्याबरोबर घेतली तर त्रास कमी होतो. दुधाबरोबर घेऊ नये.

*गुरुवारचा उपवास*

हा भाग आम्ही दोनदा लिहून काढला, कारण विषय नाजूक आहे.

आपल्या घरांत मुलंही हौसेनं गुरुवार करतात. कौतुक वाटतं, फोटो ग्रुपवर येतात. पण दोन घरांत असं दिसलं की मुलगी गुरुवारच्या जोडीला सोमवार करू लागली, मग एकादशी, मग "आज मनानंच धरलाय". घरात सगळ्यांना अभिमान. प्रत्यक्षात ती जाड दिसण्याच्या भीतीनं जेवण टाळत होती, आणि उपवासाला आपल्या घरात कोणी प्रश्न विचारत नाही हे तिला कळलं होतं.

आमचं म्हणणं असं की अठरा वर्षांपर्यंत मुलांना उपाशी राहण्याचा उपवास करू देऊ नये. व्रत करायचंच असेल तर एक दिवस शेव-मॅगी सोडावी, एक दिवस मोबाइल रात्री आठला बंद करावा, नामजपाची एक माळ जास्त करावी. फराळ करायचाच असेल तर नुसती साबुदाण्याची खिचडी पुरत नाही, साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसं काही नाही. बरोबर दाण्याची आमटी, भगर, दही, राजगिऱ्याचा लाडू, फळं द्यावीत.

काही खुणा दिसल्या तर ते नखरे नव्हेत आणि स्वयंपाकानं सुटणारही नाहीत. वजन उतरत जाणं, मुलीची पाळी बंद होणं, जेवण झाल्याबरोबर बराच वेळ बाथरूममध्ये राहणं, सगळ्यांसमोर जेवायला टाळणं, किंवा लहानपणापासून चार-पाचच पदार्थ खाणं आणि दुसरं काही तोंडात घातलं की उमासे येणं. यांतलं काही दिसलं तर आधी डॉक्टर, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि ही गोष्ट केंद्रात कुणाला सांगायलाच हवी असंही नाही.

*पानावर बसल्यावर*

जेवणाआधीचा श्लोक म्हणावा, जरूर म्हणावा. पण श्लोक संपल्याबरोबर "अन्न पूर्णब्रह्म म्हणता आणि पानात टाकता!" असं सुरू करू नये. "गुरूंना काय वाटेल" हे वाक्य तर जेवणाच्या वेळी अजिबात नको. मुलाला भेंडी आवडत नाही म्हणून त्याला गुरूंपुढे अपराधी ठरवलं, तर भेंडी तर जाणार नाहीच, पण उपासनेच्या खोलीकडे फिरकणंही बंद होईल. एवढी किंमत भेंडीची नाही. पानात टाकू नये हे खरंच आहे, त्यावर उपाय म्हणजे कमी वाढावं किंवा त्यालाच वाढून घेऊ द्यावं. स्वतः वाढून घेतलेलं मुलं सहसा टाकत नाहीत.

टेस्टचे मार्क जेवताना विचारू नयेत. हे आम्ही पाठात सर्वांत वर लिहिणार होतो. कोचिंगची दर रविवारची टेस्ट, तिचा निकाल सोमवारी मोबाइलवर येतो, आणि सोमवारी रात्री मूल "भूक नाही" म्हणतं. एका बंधूंनी स्वतः वहीत तारखा लिहून ठेवल्या, तेव्हा त्यांना हे दिसलं. मार्कांबद्दल बोलायला दिवसाचे बाकीचे तास आहेत. मोबाइल सगळ्यांचेच लांब ठेवावेत, त्यात बाबांच्या बातम्या आल्या आणि आपली ही पत्रिकाही आली.

नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, ही आपली रीत. तिला धक्का न लावता एक करता येतं. सगळं झालं की नैवेद्याची वाटी आधी काढून दाखवून घ्यावी, मग मुलाला हाक मारावी, "जरा मीठ-तिखट बघ रे, काय कमी आहे सांग." त्यानं "लिंबू कमी आहे" म्हटलं आणि त्यानं सांगितलं म्हणून आपण लिंबू पिळलं, तर ती आमटी अर्धी त्याची झाली. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांवर सोपवावी, मुलग्यांवरही. पिठलं-भात कुणालाही येतो. गुठळ्या झाल्या तरी सगळ्यांनी निमूट जेवावं. आजींनी विशेषकरून.

*या वेळचा गृहपाठ*

सात दिवस एका कागदावर फक्त तीन गोष्टी लिहायच्या : मुलानं दुपारी साडेतीन ते रात्री अकरा यांत काय काय आणि केव्हा खाल्लं, डाळ-दही-दाणे यांतलं काय पोटात गेलं, आणि जेवताना बोलणं कशावर झालं. मुलाला न दाखवता, न टोकता. त्या सात दिवसांत स्वयंपाक नेहमीसारखाच ठेवायचा, बदल आठव्या दिवसापासून. दोन भाज्या माफीची यादी मात्र आजच लावायला हरकत नाही.

कागद पुढच्या बुधवारपर्यंत आपापल्या गटातल्या भगिनींकडे द्यावेत, नाव लिहिण्याची गरज नाही. मुलांच्या ताटांचे फोटो कृपया ग्रुपवर पाठवू नयेत.